बादल्या मोजणाऱ्या मॅडमचा एच-इंडेक्स : निवड, बढती आणि फंडिंगच्या समित्यांना खुलं पत्र

प्रति,
संशोधकांच्या फायली उघडून त्यावर शेरा मारणारे सगळे सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गाईड मॅडमची बढतीची फाईल परत आली. दुसऱ्यांदा. शेरा एकाच ओळीचा, "काम सातत्यपूर्ण, परंतु सायटेशन इम्पॅक्ट अपेक्षेपेक्षा कमी." सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा संदर्भ देणं. कुठली संस्था, कुठली समिती, ते लिहीत नाही कारण त्याने काही फरक पडत नाही, हा शेरा कुठल्याही फाईलवर चिकटवता येईल इतका तयार आहे. मॅडम उभयचरांच्या इकॉलॉजिस्ट आहेत म्हणजे बेडूक, भेक (खडबडीत कातडीचे टोड) आणि सॅलामँडर (शेपटीवाले, पालीसारखे दिसणारे उभयचर). मी त्यांच्या पहिल्या बॅचची विद्यार्थिनी, आता दुसऱ्याच क्षेत्रात डेटाचं काम करते, माझं पोटपाणी बेडकांवर नाही म्हणून मी मोकळेपणाने लिहू शकते. मॅडमना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर "जाऊ दे गं, त्यापेक्षा त्या शीट तपासून दे" म्हणाल्या असत्या.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण मला खात्री आहे की शेरा मारणाऱ्यांपैकी कोणी ते बघितलेलं नाही, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. एक छोटं तळं घ्यायचं, वर्षातले काही महिने कोरडं पडणारं. त्याच्याभोवती गुडघ्याएवढ्या उंचीचं पत्र्याचं नाहीतर जाड प्लास्टिकचं कुंपण घालायचं, खालची कड जमिनीत गाडून. कुंपणाच्या आत आणि बाहेर, दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर बादल्या जमिनीत पुरायच्या, काठ मातीशी सपाट. पाऊस पडला की रानातून बेडूक तळ्याकडे निघतात अंडी घालायला, कुंपणाला धडकतात, कडेकडेने सरकत जातात आणि बादलीत पडतात. सकाळी जायचं, बाहेरच्या बादलीतल्याला मोजून, तोलून, नर की मादी बघून आत सोडायचं, आतल्या बादलीतल्याला बाहेर. पुढे काही आठवड्यांनी नखाएवढी पिल्लं तळ्यातून बाहेर यायला लागतात, ती पण मोजायची, एखाद्या सकाळी शेकड्यांनी असतात आणि सगळी एकमेकांसारखी. मजेशीर वाटतं ना? पहिले पंधरा दिवस वाटतं. मग लक्षात येतं की रविवार नाही, ताप नाही, घरचं लग्न नाही, कारण एक दिवस चुकवला तर बादलीतले प्राणी वाळून मरतात, म्हणजे ज्यांना वाचवायचं म्हणून मोजतोय त्यांना आपणच मारलं. मॅडमनी हे एका तळ्यावर एकोणीस सीझन केलंय. त्यातल्या तीन सीझनच्या बादल्यांची ड्युटी मी केली, तेव्हा मी काय बोलतेय ते मला माहितीये.

आता तुम्ही म्हणाल एकोणीस कशाला, तीन पुरे नाहीत का, प्रोजेक्ट तर तीन वर्षांचाच असतो. बरोबर, प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो, बेडूक नसतो.

अमेरिकेत साउथ कॅरोलिनात रेनबो बे नावाचं असंच एक छोटं तळं आहे, सव्हाना रिव्हर इकॉलॉजी लॅबच्या लोकांनी तिथे १९७८ साली कुंपण घातलं आणि रोज बादल्या बघायला सुरुवात केली. कशासाठी? त्या वेळी "बेडूक संपत चाललेत" हा विषयच जगात नव्हता, जवळच्या दुसऱ्या एका तळ्यावर बांधकाम होणार होतं, त्याच्याशी तुलना करायला मोजत होते. १९८९ मध्ये इंग्लंडला कँटरबरीत सरीसृप-उभयचर अभ्यासकांची पहिली जागतिक परिषद भरली आणि तिथे चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी एक एक जण सांगायला लागला की माझ्या जागेवर बेडूक दिसेनासे झालेत, दुसरा म्हणतो अरे माझ्याकडे पण. सगळे हादरले. पण प्रश्न असा की ही खरी घट आहे की नेहमीचा चढउतार? कारण तळ्यातल्या प्राण्यांचं असंच असतं, एका वर्षी तळं लवकर आटलं तर एकही पिल्लू बाहेर पडत नाही, पुढच्या वर्षी हजारोंनी येतात. या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायला जगात फार थोड्या जागी डेटा होता आणि त्यातलं एक हे तळं. १९९१ मध्ये जोसेफ पेकमन आणि सहकाऱ्यांनी तिथला बारा वर्षांचा हिशोब सायन्स या मासिकात छापला, तीन सॅलामँडर आणि एक बेडूक, आणि दाखवलं की माणसाने काही न करताही संख्या प्रचंड वरखाली होते, त्यामुळे दोनचार वर्षं बघून "संपले" म्हणायचं धाडस करू नका. त्या पेपरला पुढे भरपूर सायटेशन मिळाले, मिळायलाच हवे होते. पण मला सांगा, १९८५ साली त्या मोजणाऱ्यांची फाईल तुमच्यासमोर आली असती तर तुम्ही काय लिहिलं असतं? सातत्यपूर्ण, परंतु?

दुसरी गोष्ट कोस्टा रिकातली, माँटेव्हर्देच्या ढगाळ जंगलातला सोनेरी भेक. नर अक्षरशः नारिंगी रंगाने झळकणारे, वर्षातले थोडेच दिवस जमिनीवर दिसायचे, बाकी वेळ कुठे तरी गडप. मार्टी क्रम्प या संशोधक बाईंनी १९८७ मध्ये डबक्यांच्या काठी बसून पंधराशेच्या वर मोजले. १९८९ मध्ये दिसला एक. एकच नर. त्यानंतर कोणालाच कधी दिसला नाही. आज जगभरच्या भाषणांत, पोस्टरवर हा भेक असतो, त्या पंधराशे आणि एक या दोन आकड्यांमुळे लोकांच्या अंगावर काटा येतो. पण पंधराशेचा आकडा आला कुठून याचा विचार कोणी करत नाही. तो प्राणी भरपूर होता तेव्हा, कोणाला काही पडलेलं नव्हतं तेव्हा, एक बाई थंडीत चिखलात बसून मोजत होती म्हणून आला. नुसता "एक" हा आकडा असता तर त्याला काही अर्थच नव्हता.

माझा सगळा मुद्दा खरं तर इथेच आहे. सायटेशन मिळतात मरण जाहीर करणाऱ्याला. जिवंत असताना रोज हजेरी घेणाऱ्याला मिळत नाहीत, आणि हजेरीपट नसेल तर मरण सिद्धच होत नाही.

बुरशीचं बघा. ऑस्ट्रेलियात आणि पनामात बेडूक का मरतायत हे कळत नव्हतं, १९९८ मध्ये बर्जर आणि मंडळींनी दाखवलं की कातडीत एक कायट्रिड जातीची बुरशी आहे. बेडूक कातडीतून पाणी घेतो, क्षार घेतो, श्वाससुद्धा घेतो, त्यामुळे त्याच्यासाठी कातडीचा रोग म्हणजे सगळ्या शरीराचा रोग. पण ही बुरशी वेगळी काढून, वाढवून, तिला नाव कोणी दिलं? वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमधे निळे पॉयझन डार्ट बेडूक मरत होते, तिथल्या पेसियर आणि निकोल्स या पॅथॉलॉजिस्टना संशय आला कायट्रिडचा, आणि मग गाठलं कोणाला तर अमेरिकेतल्याच मेन राज्याच्या विद्यापीठातल्या जॉयस लाँगकोर यांना. या बाई कायट्रिडवर काम करायच्या, म्हणजे तळ्यातल्या गाळात, सडक्या पानांवर, परागकणांवर जगणाऱ्या सूक्ष्म बुरशा, ज्यात जगातल्या मोजक्याच लोकांना रस होता. पीएचडीसुद्धा बऱ्याच उशिरा, १९९१ मध्ये केलेली. त्यांनी ती बुरशी वेगळी केली आणि १९९९ मध्ये तिघांनी मिळून तिचं नाव ठेवलं, बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस, आम्ही सगळे नुसतं बीडी म्हणतो. हे ओळखल्याशिवाय पुढची टेस्ट नाही, स्वॅब नाही, बूट निर्जंतुक करायचा नियम नाही, काही नाही. आता १९९५ चा काळ डोळ्यासमोर आणा आणि गाळातल्या बुरशीवर काम करणाऱ्या बाईंच्या सायटेशनचा आलेख काढा, कसला इम्पॅक्ट आणि कसलं काय. इम्पॅक्ट तोपर्यंत झालाच नव्हता. दोन वर्षांनी दारात येऊन उभा राहणार होता आणि त्या वेळी ते काम येणारं माणूस जागेवर असणं, हाच काय तो इम्पॅक्ट.

थोडं तुमच्या मोजपट्टीकडे येते, कारण मोजपट्टीवर टीका करायची तर ती कळली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल नाचता येईना अंगण वाकडं.

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हर्श या फिजिक्सच्या प्राध्यापकाने काढला. तुमचे दहा पेपर प्रत्येकी किमान दहा वेळा सायट झालेत तर तुमचा एच दहा. सोपं आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे. पण हा आकडा कधीच खाली येत नाही, माणूस रिटायर होऊन झोपला तरी वाढत राहतो, आणि ज्या विषयात पेपर लिहिणारे जास्त तिथे तो आपोआप मोठा. कॅन्सरवर काम करणारे किती आणि सॅलामँडरवर किती! गर्दीच्या रस्त्यावरच्या दुकानात गिऱ्हाईक जास्त येणारच. हर्शने त्याच पहिल्या पेपरात लिहून ठेवलंय की एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फार तर ढोबळ अंदाज येतो, आणि २०२० मध्ये तर त्यानेच लिहिलं की हा इंडेक्स कधी कधी सपशेल फसतो आणि त्याचे वाईट परिणाम होतात. ज्याने पट्टी बनवली तो असं म्हणतोय, आणि आपल्याकडे फॉर्मच्या पहिल्या कॉलममध्ये तीच.

इम्पॅक्ट फॅक्टर तर त्याहून भारी, तो माणसाचा नाहीच, मासिकाचा. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन. दोन वर्षं! आता ऐका, युरोपात गुहांमधे ओल्म नावाचा आंधळा सॅलामँडर राहतो. फ्रान्समधे पिरेनीजच्या डोंगरात मूलिस इथल्या गुहेत १९५० च्या दशकापासून त्यांची वस्ती पाळली आहे आणि नोंदी ठेवल्या आहेत. २०१० मध्ये त्या नोंदींवरून कळलं की हा प्राणी साडेपंधरा वर्षांचा झाला की वयात येतो, मादी साधारण साडेबारा वर्षांनी एकदा अंडी घालते, प्रौढाचं सरासरी आयुष्य ६८ वर्षांच्या पुढे आणि कमाल आयुष्य शंभरच्या वर जात असावं. एकदा अंडी घालून पुढची घालेपर्यंत इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन-दोन वर्षांच्या सहा खिडक्या उघडून बंद होतात. ज्याने त्या गुहेत पहिली नोंद केली त्याला त्याचं फळ किती वर्षांनी मिळायला हवं होतं ते तुम्हीच ठरवा.

(बेडूक फुगून बैल होत नाही म्हणतात, पण एच-इंडेक्स होतो बरं का. स्वतःलाच सायट करायचं, मित्रांनी एकमेकांना करायचं, रिव्ह्यूला आलेल्या पेपरात "लेखकांनी पुढील पाच संदर्भ बघावेत" म्हणून हळूच आपलेच पाच सरकवायचे. मी डेटा बघते त्यामुळे हे नमुने दिसतात. त्यावर जास्त बोलत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.)

आता एक कबुली. माझ्या स्वतःच्या नावावर जो सगळ्यात जास्त सायट झालेला पेपर आहे त्यात मी लेखकांच्या लांबलचक यादीत मधे कुठे तरी आहे, आणि माझं योगदान म्हणजे एक एक्सेल शीट स्वच्छ करून पाठवली. ती शीट मॅडमच्या बादल्यांची होती. तेव्हा त्यांचं नाव यादीत नाही, आभारात आहे, कारण त्या म्हणाल्या की मी विश्लेषण केलेलं नाही तर लेखक कशी होऊ. म्हणजे एकोणीस सीझन चिखलात उभी राहिलेली बाई आभारात, आणि एसीत बसून कॉलमची नावं सरळ करणारी मी लेखक. माझा एच वाढला. मला तेव्हा आनंद झाला होता हे पण सांगते, खोटं कशाला बोलू.

आणि हे सगळीकडे असंच चालतं, कोणाचा दुष्टपणा नाही त्यात, रचनाच तशी आहे. २००४ मध्ये जगातल्या उभयचरांचा पहिला मोठा आढावा सायन्समध्ये आला, ५,७४३ प्रजाती तपासल्या, जवळपास एक तृतीयांश धोक्यात. २०२३ मध्ये दुसरा नेचर मासिकात, ८,०११ प्रजाती, ४०.७ टक्के धोक्यात, त्यामागे जगभरच्या हजारावर तज्ज्ञांची माहिती. ही फार मोलाची कामं आहेत, मी स्वतः ती वापरते. पण पुढे बेडकांवर पेपर लिहिणारा प्रत्येक जण पहिल्या वाक्यात "उभयचरांची जगभर घट होत आहे" असं लिहितो आणि कंसात या मोठ्या आढाव्याचं नाव टाकतो. झालं. खालच्या हजार वह्या, पावसात भिजलेले फॉर्म, कोणा एकाने एका ओढ्यावर केलेली सात वर्षं, यांचं सायटेशन वर गेलं आणि वरच राहिलं. नदीचं पाणी समुद्राला मिळाल्यावर समुद्राचं नाव होतं तसं.

२०१९ मध्ये अजून एक मोठा पेपर आला, त्यात म्हटलं की बीडी आणि तिच्या बहिणीसारख्या दुसऱ्या एका बुरशीमुळे किमान ५०१ प्रजातींची घट झाली, ९० बहुधा नामशेष. तो सगळीकडे गाजला. पुढच्या वर्षी त्याच मासिकात काही जणांनी आक्षेप घेतला की यामागचा पुरावा पुरेसा उघड नाही, पडताळता येत नाही, आणि मूळ लेखकांनी त्याला उत्तर दिलं. कोण बरोबर यात मी पडत नाही. पण भांडण फिरून फिरून कुठे येतं बघा, रोग यायच्या आधी तिथे किती होते हे कोणी मोजलं होतं का! आधीचे आकडे ज्यांच्याकडे आहेत ते म्हणजे मॅडमसारखे लोक, ज्यांचा सायटेशन इम्पॅक्ट अपेक्षेपेक्षा कमी.

एका ठिकाणी आधीचे आकडे होते आणि त्याचं काय झालं ते पण सांगते. पनामात एल कोपे म्हणून जागा, तिथे कॅरन लिप्स आणि त्यांची टीम १९९० च्या दशकाच्या शेवटापासून ओढ्याच्या कडेने ठरलेल्या वाटांवर रात्री चालायची, दिसेल त्याची नोंद करायची. बीडी त्या डोंगररांगेत पुढे सरकतेय हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे ती यायच्या आधीच त्या तिथे जाऊन मोजत बसल्या. २००४ मध्ये ती आली आणि काही महिन्यांत बेडूक पटापट मेले. पण मला आवडते ती पुढची गोष्ट. त्याच वाटांवर त्यांनी दिसलेले साप पण लिहून ठेवले होते. अभ्यास सापांचा नव्हता, दिसला म्हणून लिहिला इतकंच. २०२० मध्ये झिपकिन आणि लिप्स वगैरेंनी त्याच नोंदी घेऊन दाखवलं की बेडूक गेल्यावर सापांची विविधता पण घसरली. त्यातले बरेच साप तसे दुर्मिळ, मोजके दिसणारे, नोंद नसती तर ते गेलेले कोणाला कळलं पण नसतं. २०२२ मध्ये तर अजून एक अभ्यास आला की कोस्टा रिका आणि पनामात जिथे जिथे बुरशीने उभयचर गेले तिथे पुढची काही वर्षं मलेरिया वाढला, म्हणजे डासांच्या अळ्या खाणारे गेले आणि बिल माणसांवर फाटलं. आता या मलेरियाच्या पेपरमधून मागे मागे जात, कुठल्या साली कुठल्या ओढ्यावर बेडूक संपले हे टॉर्च घेऊन बघणाऱ्या माणसापर्यंत किती सायटेशन पोचतात ते तपासा एकदा.

बरं, सायटेशन नेहमी कमीच मिळतात असंही नाही, कधी कधी भलत्याच ठिकाणी धो धो मिळतात. १९६० मध्ये केनेथ गॉस्नर यांनी बेडकाच्या अंड्यापासून पिल्लापर्यंतच्या वाढीच्या ४६ पायऱ्यांचा एक सुटसुटीत तक्ता छापला, हर्पेटॉलॉजिका मासिकात, जेमतेम आठ पानं. आजही टॅडपोलवर काम करणारा कोणीही "गॉस्नर स्टेज पंचवीस" म्हणतो आणि त्याला सायट करतो, कित्येकांनी ती आठ पानं उघडूनही बघितलेली नसतील, तक्त्याची फोटोकॉपी टेबलावर असते. छान काम आहे, लेबल लावून ठेवण्यासारखं. पण उलट बाजूला, ज्याने एखादी प्रजाती शोधली, वर्णन लिहिलं, त्याचं नाव आणि साल प्रजातीच्या नावापुढे लावायची पद्धत आहे, म्हणजे आम्ही सगळे ते नाव हजार वेळा लिहितो आणि संदर्भ यादीत मात्र तो पेपर टाकत नाही, त्यामुळे तुमच्या मोजणीत तो शून्य. आणि नावं बदलली की अजून घोळ. २००६ मध्ये उभयचरांच्या वंशवृक्षाचा मोठा फेरविचार झाला आणि बूफो, राना अशा जुन्या नावांखालच्या कितीतरी प्रजाती वेगळ्या नावाखाली गेल्या. नवीन पोरं नवीन नावाने सर्च करतात, जुने पेपर वर येतच नाहीत. पेपर तोच, बेडूक तोच, सायटेशन गायब. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं पण नेमकं हेच होतं, एका माणसाचे दोन प्रोफाइल. मॅडमचेही दोन आहेत. तुम्ही कुठला बघितलात?

आणि जे कागदावर येतच नाही त्याचं काय करायचं. २००३ मध्ये रेमंड सेम्लिच आणि बोडी यांनी बऱ्याच छोट्या छोट्या अभ्यासांतून आकडे गोळा करून दाखवलं की उभयचरांना पाण्याच्या काठापासून १५९ ते २९० मीटरपर्यंतची जमीन लागते, नुसतं तळं वाचवून उपयोग नाही, कारण वर्षातला बराचसा काळ हे प्राणी जमिनीवरच काढतात. हे फार कामाचं आहे. पण तळ्यापासून किती अंतर सोडून रस्ता न्यायचा हे ठरवणारा इंजिनिअर किंवा अधिकारी पेपर लिहीत नाही. तो रस्ता सरकवतो नाहीतर सरकवत नाही. मॅडमच्या आकड्यांमुळे एका ठिकाणी कामाची वेळ बदलली, पिल्लं बाहेर पडायच्या आठवड्यात माती उचलायची नाही असं ठरलं. त्याचं सायटेशन शून्य. रेड लिस्टसाठी, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीसाठी, प्रजातींचे आढावे लिहून दिले, ते बहुतेकदा तुमच्या हिशोबात येत नाहीत. स्थानिक भाषेत ओळख-पुस्तिका केली, ती तर तुम्ही "इतर" मधे टाकली. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की २०१४ सालच्या संवर्धनावरच्या वैज्ञानिक लिखाणातलं ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हतंच. ते लिहिणारे सगळे काय रिकामटेकडे?

आता तुमची बाजू. मला कळतं की तुमच्यासमोर दोनशे फायली असतात, दुपार एकच असते, आणि आकडा असला की भांडण कमी होतं, ओळखीपाळखीने नेमणुका होण्यापेक्षा आकडा बरा असंही बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते अगदीच चूक नाही. माझ्या मॅडम काही देव नाहीत. त्यांनी डेटा फार वर्षं दाबून ठेवला, "अजून एक चांगलं वर्ष येऊ दे मग लिहू" करत करत, आणि मी तेव्हा पण भांडले होते. दीर्घकाळ मोजतोय या नावाखाली काहीच न लिहिणारे पण आहेत आमच्यात, वह्या घरी पडून, वाळवी लागेपर्यंत. त्यांना धरा, जरूर धरा. पण त्यांना धरायचं तर वह्या मागा. डेटा कुठे ठेवलाय, दुसऱ्याला वापरता येतो का, कोणी वापरला, किती वर्षं सलग आहे, मधे खंड का पडला, हे विचारा. एच-इंडेक्सने आळशी आणि कष्टाळू यात फरक कळत नाही, दोघांचाही कमीच दिसतो.

आणि हे मी काही नवीन सांगत नाहीये. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत संशोधकांच्या एका मीटिंगमधून डोरा नावाचं जाहीरनामापत्र निघालं, मासिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका म्हणून, हजारो लोकांनी आणि संस्थांनी सह्या केल्या. २०१५ मध्ये लायडन मॅनिफेस्टो आला, दहा तत्त्वं, त्यात सरळ लिहिलंय की विषयानुसार सायटेशनच्या सवयी वेगळ्या असतात ते लक्षात घ्या आणि माणसाचं मूल्यमापन त्याचं काम वाचून करा. वाचून! सही करायची, वेबसाइटवर लोगो लावायचा आणि फॉर्म मात्र जुनाच ठेवायचा, म्हणजे डोक्याला कोणी विचारलंच नाही, हाताने सही केली.

मला नवीन इंडेक्स नकोय, उगाच "बादली-इंडेक्स" काढाल आणि लोक रिकाम्या बादल्या पुरायला लागतील. फाईलमधले तीन पेपर वाचा, उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन. सगळी यादी नको. त्याच विषयातल्या, त्याच वयाच्या दोघा तिघांशी तुलना करा, म्हणजे सॅलामँडरवाल्याची सॅलामँडरवाल्याशी, शेजारच्या खोलीतल्या जीनोमवाल्याशी नको. सलग नोंदींची वर्षं हा एक वेगळा रकाना फॉर्ममध्ये टाका, त्यासाठी कुठली परिषद भरवायला नको, एक सरळ रेघ मारायची आहे. आणि इतरांच्या मोठ्या पेपरात ज्यांचा डेटा गेला त्यांनी तो कुठे कुठे गेला हे लिहायला जागा द्या. मॅडमच्या बाबतीत ती यादी मी करून दिली आहे, मला माहीत असलेले सगळे पेपर, माझा तो गाजलेला धरून, आणि त्यात त्यांची शीट कुठल्या नंबरच्या टेबलात आहे ते पण. त्यांना न सांगता दिली आहे, त्या चिडतील, ते मी बघून घेईन.

फाईल तिसऱ्यांदा तुमच्याकडे येतेय. आलेखाची पानं मागे टाकली आहेत, पुढे सहाव्या सीझनच्या वहीची झेरॉक्स लावली आहे. अक्षर ओलं होऊन पसरलंय तिथे पेनाने परत गिरवलंय, ते माझं अक्षर आहे, आकडा मॅडमचाच आहे. एका पानावर सलग अकरा दिवस शून्य शून्य शून्य लिहिलंय, ते मोजायला विसरलो म्हणून नाही, त्या अकरा दिवसांत खरंच एकही प्राणी आला नाही आणि तरी रोज जाऊन बघितलं.

कोणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर या, पहिल्या मोठ्या पावसानंतरची सकाळ चांगली. दोन गोष्टी लागतील, टॉर्च आणि बूट. बूट आधी घासून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून आणि पूर्ण वाळवून आणायचे, दुसऱ्या तळ्याचा चिखल या तळ्यावर आणलेला मॅडमना चालत नाही, कोणाचाही असो.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी
(बादली क्रमांक १ ते १४, सकाळची पाळी)